किल्ली कोणाकडे, आणि कुठल्या खोलीची

गोव्यात फोंड्याजवळ एक छोटा उद्योग आहे. दहा-बारा माणसं कामाला. गिऱ्हाइकांची नोंद, बिलं, मालाचे फोटो, सगळं क्लाउडवर ठेवलेलं. काही वर्षांपूर्वी एका सोमवारी सकाळी त्यातली जुन्या बिलांची सगळी फाइलं नाहीशी झालेली दिसली आणि मला बोलावणं आलं. क्लाउडमध्ये कोणी, केव्हा, काय केलं याची नोंद ठेवायची सोय असते. ती लॉगची यादी उघडली. शनिवारी संध्याकाळी, ऑफिस सुटायच्या सुमारास, फाइलं पुसण्याचा हुकूम गेला होता. कोणाच्या नावाने? 'ॲडमिन'. आणि हा ॲडमिन कोण? तर सगळेच. एकच नाव, एकच पासवर्ड, मालकांच्या टेबलावरच्या काचेखाली कागदावर लिहून ठेवलेला.

संशय गेला सर्वांत तरुण मुलावर, कारण 'कंप्युटरचं तोच बघतो'. आपण काही केलं नाही असं तो परोपरीने सांगत होता. त्याने केलं हे कोणाला दाखवता येईना, आणि केलं नाही हे त्यालाही दाखवता येईना. महिन्याभरात तो नोकरी सोडून गेला. बिलं बरीचशी जुन्या प्रतींतून परत मिळाली. त्या मुलाचं नाव मात्र कधीच निस्तरलं नाही. इतक्या वर्षांनंतरही ते मला लागून राहिलं आहे.

आमच्याकडचे छोटे धंदे विश्वासावर चालतात आणि त्याचा मला अभिमानच आहे. म्हणून 'प्रत्येकाला वेगळं लॉगिन द्या, हवं तेवढंच उघडं ठेवा' असं सांगितलं की मालकांचा चेहरा पडतो. ते म्हणतात, "ही घरचीच माणसं, त्यांच्यावर संशय कशाला घ्यायचा?" माझं उत्तर ठरलेलं असतं. वेगळं लॉगिन असतं तर तो मुलगा वाचला असता. हद्द आखून दिलेली असली की ज्याच्या हातून चूक झाली नाही त्या माणसाला तसं सिद्ध करता येतं. घरच्या माणसासाठी एवढं करायलाच हवं.

आता हे सगळं चालतं कसं, ते बघू.

क्लाउड म्हणजे दुसऱ्याचे संगणक भाड्याने घेणं. ॲमेझॉनची भारतातली केंद्रं मुंबई आणि हैदराबादला आहेत, गूगलची मुंबई आणि दिल्लीला, मायक्रोसॉफ्टची पुणे, मुंबई, चेन्नईला. फोंड्यातलं बिल तिथल्या एखाद्या डिस्कवर पडून असतं. दुकानाला शटर असतं, कपाटाला कुलूप असतं, रात्री रस्त्यावर कोणी संशयास्पद दिसला तर शेजारी हटकतात. क्लाउडच्या वाटेवर असा शेजारी नाही. म्हापशाचा तुमचा कारकून आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेला चोर, दोघेही त्याच लॉगिनच्या पानावर येऊन उभे राहतात. त्यांच्यात फरक करायला तिथे फक्त दोन प्रश्न असतात: तू कोण? आणि तुला काय करायची मुभा आहे?

पहिल्या प्रश्नाला ऑथेंटिकेशन म्हणतात, दुसऱ्याला ऑथरायझेशन. दोन्ही शब्द सारखे वाटतात म्हणून लोक गोंधळतात. मी त्यांना ओळख आणि अधिकार म्हणतो. ओळख पटली म्हणून अधिकार मिळतोच असं नाही. पोस्टमनला सगळा वाडा ओळखतो, तरी तो येतो बलकांवापर्यंतच, म्हणजे पुढच्या ओसरीपर्यंत.

ओळखीचं आधी. पासवर्ड ही 'तुम्हाला ठाऊक असलेली' गोष्ट, आणि ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्यालाही ठाऊक होऊ शकते. म्हणून तिच्या जोडीला 'तुमच्याजवळ असलेली' गोष्ट मागतात. बँकेच्या लॉकरला जशा दोन किल्ल्या लागतात, एक तुमची आणि एक बँकेची, तसंच. ही दुसरी किल्ली बहुतेकांच्या फोनमध्ये असते, दर ३० सेकंदांनी बदलणाऱ्या ६ आकड्यांच्या रूपात. गंमत अशी की फोनला नेट नसलं तरी हे आकडे बरोबर येतात. सुरुवातीला तुम्ही जो क्यूआर कोड स्कॅन करता त्यात एक गुप्त संख्या असते. ती तुमच्या फोनमध्ये राहते आणि क्लाउड कंपनीकडेही राहते. नंतर दोन्हीकडे ती संख्या आणि त्या क्षणाची वेळ एकत्र करून तेच गणित सोडवलं जातं. गणित तेच, घड्याळ तेच, म्हणून उत्तरही तेच. कधी आकडे बरोबर टाकूनही लॉगिन होत नसेल तर आधी फोनचं घड्याळ बघा. ते बरंच पुढे-मागे गेलं असेल तर उत्तर जुळत नाही.

एसएमएसने येणारा ओटीपी यापेक्षा कच्चा. तुमच्या नावाने दुसरं सिमकार्ड काढून घेतलं की ओटीपी चोराच्या फोनवर जातो. तरी काहीच नसण्यापेक्षा तोही बरा.

पण ६ आकड्यांनाही एक खोट आहे. कोणी हुबेहूब तसंच खोटं लॉगिन पान बनवून तुम्हाला लिंक पाठवली आणि तुम्ही तिथे पासवर्ड व आकडे टाकले, तर चोर ते मुदत संपायच्या आत खऱ्या पानावर टाकून मोकळा होतो. यावरचा खरा उपाय म्हणजे पासकी. पासकीत एक खाजगी किल्ली तुमच्या फोनमध्ये किंवा यूएसबीसारख्या छोट्या उपकरणात असते आणि ती एका ठरावीक वेबसाइटच्या पत्त्याशीच बांधलेली असते. पान कितीही सारखं दिसलं तरी पत्ता वेगळा असला की किल्ली वळतच नाही. माणसाचा डोळा फसतो, पत्त्याची ही तपासणी फसत नाही. ज्यांच्या हातात सगळा कारभार आहे त्यांच्यासाठी तरी मी आता पासकीचाच आग्रह धरतो.

आता दुसरा प्रश्न, अधिकाराचा. लोक इथेच आळस करतात.

खरं तर गोव्यातल्या माणसाला हा विषय नवा वाटायला नको. एकाच भाटात, म्हणजे माडांच्या बागेत, किती जणांचे किती तऱ्हेचे हक्क असतात ते आपण लहानपणापासून बघतो. भाटकार मालक. मुंडकार तिथे राहतो. १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला राहत्या घरातून असं सहज काढता येत नाही, पण म्हणून भाटभर पसरलेले माड त्याचे होत नाहीत. पाडेली दोन-तीन महिन्यांनी येतो, माडावर चढतो, नारळ पाडतो, मजुरी घेऊन जातो. घराच्या आतल्या खोलीत त्याचं काम नाही. पावणीत, म्हणजे लिलावात, ज्याने काजू घेतले त्याला मोसमापुरता बोंडू गोळा करायचा हक्क. पाऊस सुरू झाला की तो हक्क संपला. प्रत्येकाचं कोण, काय, कशावर आणि किती दिवस हे ठरलेलं असतं.

क्लाउडमधला परवानगीचा कागद, ज्याला पॉलिसी म्हणतात, तोही एवढंच सांगतो. फोंड्याच्या त्या उद्योगाचा आजचा एक कागद साध्या मराठीत वाचला तर असा: 'हिशेब बघणाऱ्यांना, बिलांच्या बकेटमधल्या (म्हणजे क्लाउडवरच्या साठवणीच्या कप्प्यातल्या) फाइलं, वाचायला आणि नवीन टाकायला परवानगी, दुसऱ्या किल्लीने लॉगिन केलं असेल तरच.' पुसायचा उल्लेख त्यात नाही. उल्लेख नाही म्हणजे पुसता येत नाही.

हे शेवटचं वाक्य जरा थांबून वाचा. आपल्या घरात ज्याला मनाई नाही ते चालतं. क्लाउडमध्ये उलटं: ज्याला स्पष्ट होकार नाही ते सगळं बंद. आणि ॲमेझॉनच्या व्यवस्थेत एका कागदावर होकार आणि दुसऱ्यावर स्पष्ट नकार असेल, तर नकार जिंकतो, होकार कितीही असोत. हे दोन नियम पक्के बसले की परवानग्यांचं निम्मं कोडं सुटतं. कोणाला एखादी गोष्ट का करता येत नाही हे शोधताना मी दोनच गोष्टी बघतो: कुठे होकार द्यायचा राहून गेला आहे, की कुठे नकार दडून बसला आहे.

उरलेलं निम्मं कोडं वारशाचं. गूगलमध्ये वर संस्था, तिच्यात फोल्डर, त्यात प्रोजेक्ट अशी उतरंड असते. मायक्रोसॉफ्टच्या अझूरमध्ये सबस्क्रिप्शन आणि त्याखाली रिसोर्स ग्रुप. वरच्या पायरीवर दिलेली परवानगी खालच्या सगळ्यांना लागू होते. कुळागरात वरच्या पाटातून सोडलेलं पाणी खालच्या प्रत्येक पोफळीपर्यंत पोचतं, तसंच. 'सध्या सगळ्यालाच देऊन टाक, नंतर बघू' म्हणत कोणी वरच्या पायरीवर 'ओनर' किंवा 'एडिटर' असा जवळजवळ सगळं करू देणारा अधिकार देऊन ठेवतं, आणि खाली कुठे कुठे पाणी शिरलं ते वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही. परवानगी शक्य तितकी खालच्या पायरीवर द्यावी. आणि एकेका माणसाला न देता गटाला द्यावी: हिशेबाचा गट, दुकानाचा गट, वेबसाइटचा गट. माणूस आला की गटात घालायचा, गेला की काढायचा. कागदाला हात लावायला नको.

ज्या वर्षी मुंडकार कायदा आला त्याच वर्षी, १९७५ मध्ये, जेरोम सॉल्टझर आणि मायकल श्रोडर या दोन अमेरिकन संशोधकांनी संगणकाच्या सुरक्षिततेची काही तत्त्वं लिहून काढली. त्यातलं एक असं की प्रत्येक माणसाला आणि प्रत्येक प्रोग्रामला कामापुरताच अधिकार असावा, वर तसूभरही नको. पन्नास वर्षं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण सगळ्यांनी ते लगेच केलं असं मात्र नाही. ॲमेझॉनने २००६ मध्ये साठवणुकीची सेवा सुरू केली, आणि एका खात्यात वेगवेगळे वापरकर्ते नेमायची सोय, जिला आयएएम म्हणतात, ती सर्वांसाठी खुली झाली २०११ मध्ये. म्हणजे पहिली काही वर्षं तिथेही आमच्या फोंड्यासारखाच कारभार होता.

आता रोल. हा शब्द ऐकून लोक बिचकतात. पेडण्याच्या बाजूला ज्याने जत्रेत रात्रभर दशावतार बघितला आहे त्याला तो चटकन कळावा. दिवसा दुकानात बसणारा माणूस रात्री रंग लावून मुकुट चढवतो आणि राजा होतो, राजाचे हुकूम सोडतो. पहाटे रंग पुसला की राजेपण तिथेच उतरलं. क्लाउडमधला रोल म्हणजे असं सोंग. हुकूम सोडायचे अधिकार त्या सोंगाला दिलेले असतात, आणि ते कोणी घ्यायचं हे वेगळं लिहिलेलं असतं. तुमचा वेबसाइट बघणारा माणूस एरवी फक्त वाचू शकतो. काही बदलायचं असेल तेव्हा तो रोल घेतो, त्याला तात्पुरत्या किल्ल्या मिळतात, आणि ॲमेझॉनमध्ये त्या सहसा एका तासाने आपोआप निकामी होतात. वेळ वाढवता येतो, पण १२ तासांच्या वर नाही. नोंदीत मात्र कोणी सोंग घेतलं होतं ते राहतं. चोराच्या हाती अशी किल्ली लागली तरी तिचं आयुष्य थोडं. कायमच्या किल्लीपेक्षा हे कितीतरी बरं.

कायमच्या किल्ल्यांनी केलेला घात सांगतो. माणसांसारखंच प्रोग्रामलाही क्लाउडमध्ये लॉगिन करावं लागतं, आणि त्यासाठी ॲक्सेस की नावाची लांबलचक अक्षरांची जोडी असते. प्रोग्राम लिहिणारे सोय म्हणून ती कोडमध्येच लिहून टाकतात. मग ते कोड गिटहबवर, म्हणजे कोड साठवायच्या वेबसाइटवर, जातं. २०१६ मध्ये उबरच्या खाजगी कोडसाठ्यात चोर शिरले, तिथे त्यांना ॲमेझॉनची अशी किल्ली मिळाली, आणि ५ कोटी ७० लाख प्रवासी व चालकांची माहिती गेली. कंपनीने चोरांना १ लाख डॉलर देऊन प्रकरण वर्षभर दाबून ठेवलं, ते २०१७ मध्ये बाहेर आलं. किल्ली कोडमध्ये ठेवणं म्हणजे ती दारातल्या तुळशी वृंदावनावर ठेवण्यासारखं. सगळ्यांना ती जागा आधीच ठाऊक असते. प्रोग्राम क्लाउडमध्येच चालत असेल तर त्यालाही रोल देता येतो. मग कुठेही किल्ली लिहून ठेवावी लागत नाही.

पण रोल दिला म्हणजे झालं असंही नाही. २०१९ मधलं कॅपिटल वन या अमेरिकन बँकेचं प्रकरण बघा. तिथे कोडमध्ये किल्ली सांडली नव्हती. येणाऱ्या मागण्या गाळणाऱ्या एका यंत्राची मांडणी चुकली होती. त्याला फसवून चोराने त्याच यंत्राच्या रोलच्या तात्पुरत्या किल्ल्या मिळवल्या. इथपर्यंत नुकसान थोडं राहिलं असतं. पण त्या रोलला साठवणुकीतल्या बकेटांची यादी काढायची आणि त्यातलं वाचायची मुभा होती. फाटकावरच्या राखणदाराला कोणी तिजोरीची किल्ली देतं का? अमेरिकेतले सुमारे १० कोटी आणि कॅनडातले सुमारे ६० लाख लोक यात सापडले, आणि बँकेला पुढच्या वर्षी ८ कोटी डॉलरचा दंड झाला. दार फोडलं गेलं ते एका चुकीने, पण घर धुऊन गेलं ते जास्तीच्या परवानगीने.

कोणाला नेमकं किती लागतं हे आधी कोणालाच ठाऊक नसतं, हेही खरं. मी असं करतो: सुरुवातीला अंदाजाने थोडं द्यायचं, अडलं की वाढवायचं, आणि तीन महिन्यांनी उघडून बघायचं. कुठली परवानगी शेवटची केव्हा वापरली हे क्लाउड स्वतःच दाखवतं. जी वापरलीच नाही ती काढून घ्यायची. काढल्यावर आजवर माझ्याकडे क्वचितच कोणी तक्रार घेऊन आलं.

आता भाटकाराच्या स्वतःच्या किल्लीबद्दल. प्रत्येक खात्याला एक मूळ मालक असतो. ॲमेझॉनमध्ये त्याला रूट म्हणतात. खात्यातले साधे परवानगीचे कागद त्याला लागू होत नाहीत. तो काहीही करू शकतो, खातंच बंद करू शकतो. रोजच्या कामाला तो वापरूच नये. दुसरी किल्ली लावावी, पासवर्ड पाकिटात घालून लॉकरमध्ये ठेवावा. आणि गोव्यातल्या धंद्यांत मला सर्वांत जास्त वेळा दिसलेली चूक इथेच आहे: रूटचा ईमेल कोणाचा? वेबसाइट बनवून देणाऱ्या मुलाने स्वतःच्या जीमेलवर खातं उघडलेलं असतं. पुढे तो दुबईला किंवा बंगळूरला जातो, फोन बदलतो, आणि भाटाचे कागद त्याच्या नावावर राहतात. त्याच्या मनात काही वाईट नसतं. पण रूटचा पासवर्ड हरवला तर परत मिळवायची वाट त्याच ईमेलमधून जाते. आज दुसरं काही केलं नाहीत तरी एवढं विचारून घ्या, आणि तो ईमेल धंद्याच्या नावाचा करून घ्या.

या एका किल्लीवर सगळं टांगून ठेवलं की काय होतं ते कोड स्पेसेस या कंपनीने २०१४ च्या जूनमध्ये भोगलं. दुसऱ्यांचं कोड सांभाळणारी कंपनी. चोर तिच्या ॲमेझॉनच्या कारभाराच्या पानावर पोचला आणि पैसे मागू लागला. कंपनीने पासवर्ड बदलून त्याला बाहेर काढायला घेतलं, तर त्याने आधीच जादा लॉगिनं करून ठेवली होती. त्याने पुसायला सुरुवात केली. मूळ माहिती गेली आणि बहुतेक बॅकअपही गेले, कारण तेही त्याच खात्याच्या आवाक्यात होते. १२ तासांत होत्याचं नव्हतं झालं आणि कंपनी बंद पडली. म्हणून बॅकअप वेगळ्या खात्यात हवा, आणि रोजच्या खात्यातल्या कोणालाही तो पुसता येता नये.

कायद्याचं थोडक्यात. वैयक्तिक माहितीचा २०२३ चा कायदा सांगतो की लोकांची माहिती बाळगणाऱ्याने ती जपायची वाजवी काळजी घ्यायला हवी. त्यात कसूर झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार माहितीच्या चोरीसारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. ॲमेझॉनमध्ये मुद्दाम काही केलं नाही तर कारभाराची नोंद ९० दिवसच मागे दिसते. ती वेगळ्या बकेटमध्ये साठवायची सोय सुरू करून घ्यावी लागते.

त्या उद्योगात आता प्रत्येकाचं वेगळं लॉगिन आहे. ॲमेझॉनवर नवा वापरकर्ता उघडायला एक पैसाही लागत नाही, हे कळल्यावर मालकांनी कपाळाला हात लावला. काचेखालचा कागद त्यांनी स्वतःच्या हाताने फाडला. दर तीन महिन्यांनी चहाच्या वेळी सगळे एकत्र बसतात आणि मी वापरकर्त्यांची यादी मोठ्याने वाचतो. नाव आलं की ज्याचं आहे त्याने हो म्हणायचं. पहिल्या खेपेला बावीस नावं निघाली, माणसं अकरा. काही नावं प्रोग्रामची होती, काही सोडून गेलेल्यांची, आणि तीन अशी की ती कोणालाच ओळखता आली नाहीत. अशी नावं एकदम काढून टाकायची नसतात. मागे एखादा प्रोग्राम गुपचूप चालत असू शकतो. आधी बंद करून ठेवायची, महिनाभर वाट बघायची, कुठे काही अडतंय का ते बघायचं. दोनांचं काहीच अडलं नाही, ती काढली. तिसरं बंद केल्याच्या दुसऱ्या दिवशी पणजीच्या दुकानातलं बिलाचं मशीन थांबलं. मग त्या मशीनला त्याचं स्वतःचं नाव दिलं, आणि फक्त नवीन बिलं टाकायची परवानगी.